पल्सचे थेंब

घनश्याम मिस्त्रीच्या हातून नंदकिशोर सेठच्या टाकीला भोक पडलं ते दसऱ्यानंतरच्या मंगळवारी, भर दुपारी. कोणी बघायला नसतं तर गोष्ट वेगळी होती. पण त्याच वेळी मिलमध्ये धानाचा ट्रॅक्टर रिकामा झाला होता आणि सगळे हमाल सावली बघून टाकीपाशीच बिडी ओढत बसले होते.

टाकी नवी होती. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान भिजत घालायची, स्टीलची, पत्रा जेवणाच्या ताटाहून जेमतेम जाड. तिच्या पोटाखालचा सांधा उकलला होता आणि पाणी गळत होतं. घनश्याम सव्वीस वर्षं या मिलचं वेल्डिंग करत आला होता, पण ते सगळं जाड लोखंडाचं काम. दांडे, खांब, फाटकं, बैलगाड्यांचे साटे. त्यानं सवयीनं रॉड टेकवला आणि पत्रा लोण्यासारखा खाली गेला. चाराण्याएवढं भोक पडलं. ते भरायला गेला तर रुपयाएवढं झालं. घाम पुसला, करंट कमी केला, पुन्हा हात लावला, तर आमटीच्या वाटीएवढं झालं.

हमालांत दादाजी म्हणून एक होता. पाठ पोत्यांनी वाकलेली, जीभ मात्र सरळ. तो बिडीची राख झाडत म्हणाला, "मिस्त्री, आम्ही तं टाकी समजत होतो. तुम्ही चाळणी करून देली."

सगळे हसले. घनश्यामही थोडा हसला, कारण न हसून भागत नव्हतं. संध्याकाळपर्यंत किरनापूरच्या चहाच्या टपरीवर त्याचं नाव 'चाळणी मिस्त्री' पडलं होतं.

सेठ माणूस वाईट नव्हता. त्यानं आवाज चढवला नाही. इतकंच म्हणाला की धान आवारात येऊन पडलंय, भिजवणं सोमवारी सुरू झालंच पाहिजे. "रविवार तक देखता हूँ, मिस्त्री. नहीं तो गोंदियावाले को बुलाता हूँ. फिर साल भर का काम भी वही देखेगा."

सव्वीस वर्षांचं काम एका वाटीएवढ्या भोकातून गळून जायची वेळ आली होती. घनश्याम सायकलवर न बसता, ती हातात धरून चालतच चिचटोल्याला घरी आला.

घरी बायको दुर्गाबाई आणि मुलगी श्रुतिका होती. श्रुतिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा महिना. ती बालाघाटच्या आयटीआयमध्ये वेल्डिंगच शिकली होती आणि लग्नाआधी तिनं दोन वर्षं तिथल्या एका कारखान्यात स्टीलच्या दुधाच्या कॅना जोडल्या होत्या. बाप लेकीच्या शिक्षणाचं कौतुक सगळ्या गावात करायचा, पण तिचं ऐकायचा नाही.

त्यानं झालेलं सांगितलं. श्रुतिकानं पोटावर हात ठेवून ऐकलं आणि एवढंच विचारलं, "अन माय लोकायची मशीन काहून नाई नेली?"

ही मशीन दुर्गाबाईच्या बचत गटाची होती. सरकारी योजनेत मिळालेली. रॉडनंही चालायची आणि गॅसची धार सोडून सुई-तारेनंही चालायची, नव्या पद्धतीची. तीन महिने ती घनश्यामच्याच शेडमध्ये जुन्या लुगड्याखाली झाकून होती. दसऱ्याला बायांनी तिला हळदीकुंकू वाहिलं होतं, झेंडूची माळ घातली होती. चालवली मात्र कोणी नव्हती. घनश्यामचं म्हणणं होतं की वेल्डिंग हातानं होतं, बटनानं नाही.

"बटनाची मशीन हाय ते," तो आताही म्हणाला.

"चाळणीपरीस बरी," दुर्गाबाई चुलीपाशी बसून म्हणाली. तिला ती बातमी त्याच्याआधी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको पहाटे हलकं, लवकर पिकणारं धान कापायला गेले. दवानं पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. घनश्याम विळा चालवत होता, पण मन टाकीत होतं. दुर्गाबाईच्या तीन मुठी होईपर्यंत त्याची एक व्हायची. दहाच्या सुमाराला ऊन कडक झालं तसे दोघं परतले. भाकर खाल्ली आणि घनश्यामनं लुगडं बाजूला सारून मशीन उघडी केली.

श्रुतिका प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन शेडच्या दाराबाहेर, वाऱ्याच्या उलट बाजूला बसली. धूर तिच्याकडे जायला नको, अशी दुर्गाबाईची ताकीद होती. तिथून ती ओरडून सांगायची आणि घनश्याम आत बटनं फिरवायचा. एका बटनावर इंग्रजी अक्षरं होती, आणि श्रुतिका त्याला 'पल्स' म्हणाली.

हा शब्द ऐकायला नेमक्या गटाच्या बाया आल्या होत्या. त्यांची मशीन पहिल्यांदा चालू होणार म्हटल्यावर त्या कापणी सोडून आल्या होत्या, कमरेला विळे तसेच. गटाची अध्यक्ष पुष्पलताबाई पुढं होती. गावात पल्स म्हटलं की एकच गोष्ट माहीत होती. दुर्गाबाईनं अंगणवाडीत मदतनीस म्हणून बावीस वर्षं काढली होती आणि निळी पेटी खांद्याला लावून पल्स पोलिओचे थेंब तिनंच घरोघर पाजले होते.

"अवं दुर्गा," पुष्पलताबाई गंभीर तोंडानं म्हणाली, "मशीनीले बी डोज पाजा लागते का?"

बाया इतक्या हसल्या की एकीचा विळा पडला. श्रुतिकाही पोट धरून हसली. घनश्यामला त्यात आपलीच टिंगल दिसली. त्यानं तोंडावर काच ओढली आणि रॉड लावला.

आधी जाड पट्टीवर, उभ्या सांध्यात. रॉड पेटला आणि मशीन धडधडायला लागली. करंट वर जायचा, खाली यायचा, वर जायचा, खाली यायचा. घनश्यामच्या हाताला चाळीस वर्षांची एक सवय होती. तो रॉड एका जागी ठेवत नसे. पुढं नेऊन मागं आणायचा, पुढं नेऊन मागं आणायचा. पुढं जाताना मागचा रस निवतो, मागं येताना पुन्हा वितळतो. त्यामुळं उभ्या कामातही त्याचा धातू कधी ओघळला नव्हता. तालुक्यात ती त्याची ओळख होती. पण आज हात पुढं जायचा तेव्हा मशीन भडकायची, हात मागं यायचा तेव्हा विझायची. रॉड चिकटला, सुटला, थुंकला, पुन्हा चिकटला. पट्टीवर कोंबडीनं उकरल्यासारखं झालं.

"मशीनीले झटके येतेत," तो काच वर करून म्हणाला. "कांदा हुंगवा तिले."

"झटके दोघाले येऊन राह्यले, बाबा," श्रुतिका म्हणाली. "तुम्ही बी झटका देता, मशीन बी देते. दोघं एकाच टायमाले बोलाले लागले तं कोनाचं आयकू येईन? तुम्ही चूप राहा. रॉड सीधा टेकवा अन ओढत न्या."

"सीधा ठेवाले माह्या हात खांब हाय का?"

 मग तिनं त्याला जे सांगितलं ते त्याला आवडेल असंच होतं, पण खरंही होतं. ती म्हणाली की तो हातानं जे करतो तेच मशीन आतून करते. जोराचा करंट धातू वितळवतो, हलका करंट त्याला निवू देतो, आणि हे असं सारखं चालतं. ज्यानं ही मशीन बनवली त्यानं कुठंतरी असाच एखादा हात पाहिला असणार.

"म्हणजे माह्याच हात चोरून मशीनीत घातला म्हना की."

"हौ. म्हणून आता तुमचा रिकामा ठेवा."

रिकामा ठेवणं सोपं नव्हतं. दुर्गाबाईनं त्याचं कोपर धरून पाहिलं, तर तीच त्याच्याबरोबर पुढं-मागं डुलायला लागली. पुष्पलताबाईनं मनगटाला विटेचं वजन बांधायचं सुचवलं. बाया हसत कापणीला निघून गेल्या. घनश्याम त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही उन्हं उतरेपर्यंत शेडमध्येच होता. गुरुवारी संध्याकाळी जाड लोखंडाच्या उभ्या सांध्यावर त्याला रॉड सरळ ओढता आला. ओळ बघून तो स्वतःच थांबला. माशाच्या खवल्यांसारखी, एकसारखी, कुठं ओघळ नाही. त्यानं श्रुतिकाला ती पट्टी नेऊन दाखवली, आणि ती ताटाशेजारी ठेवून जेवला.

पण टाकी जाड लोखंडाची नव्हती. पातळ स्टीलला रॉड चालणार नव्हता, सुई आणि तारच पाहिजे होती. उजव्या हातात वेल्डिंगची बंदूक, तिच्या टोकाला टंगस्टनची सुई, भोवतीनं गॅस. डाव्या हातात बारीक तार, ती वितळत्या रसात टेकवून उचलायची. शुक्रवारी घनश्यामनं जुन्या डब्याच्या पत्र्याचे अकरा तुकडे जाळले. उजवा हात थोडा जरी पुढं-मागं झाला की सुई रसात बुडून काळी पडायची. तिला पुन्हा घासून टोक काढावं लागायचं. त्याच्या बोटांना चटके बसले, मान आखडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुपारी त्यानं बंदूक खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसला.

"गोंदियावाल्याले येऊ दे," तो म्हणाला. "माह्यानं आता होत नाई. मी फाटकंच जोडतो."

श्रुतिकानं मशीन स्वतः हातात घ्यायची गोष्ट काढली. टाकीखाली उताणं पडून करायचं काम होतं ते. दुर्गाबाईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि विषय संपला. मग दुर्गाबाई स्वतःच उठली. दुसरी काच तोंडापुढं धरून नवऱ्याजवळ उकिडवी बसली.

"लावा बरं एकडाव. मले पाहू द्या त्यात काय हाय ते."

त्यानं नाइलाजानं बंदूक उचलली. काचेतून सगळं अंधारं झालं आणि त्या अंधारात मसुराएवढा एक ठिपका उजळला. उजळला, मंदावला. उजळला, मंदावला. दुर्गाबाई बराच वेळ बघत राहिली.

"अगं श्रुती, हे लवकर लवकर होऊन राह्यलं. सावकाश होते का?"

श्रुतिकानं सांगितलं तसं घनश्यामनं बटन फिरवलं. सेकंदाला अडीच झटके होते ते एकावर आले. आता ठिपका मोठा श्वास घेतल्यासारखा उजळत होता.

"हे पाहा," दुर्गाबाई म्हणाली, "उजेड झाला का पोरानं तोंड उघडलं. अंधारलं का मिटलं. आता मिटल्या तोंडावर थेंब टाकसान तं गालावरून वाहीन का नाई? तुम्ही तेच करून राह्यले. उघडलं का थेंब सोडा. मिटलं का गिळू द्या. गिळलं का मंग सरका."

"अन उजवा हात?"

"पोराचं डोकं धरल्यावानी धरा. डोकं हालवत डोज पाजते का कोनी?"

घनश्यामनं तार हातात घेतली. दुर्गाबाई शेजारून बोलायला लागली, अंगणवाडीच्या ओट्यावर बोलायची त्याच आवाजात. "आऽ कर... गिळ. आऽ कर... गिळ." 'आ'ला तार टेकायची, 'गिळ'ला उचलायची. चौथ्या-पाचव्या थेंबाला घनश्यामच्या ध्यानात आलं की पुढं-मागं करायची ती चाळीस वर्षांची ओढ उजव्या हातातून गेली नव्हती, तर डाव्या हातात उतरली होती. डाव्याला काम मिळालं तसा उजवा आपोआप गप्प बसला. वीतभर सांधा झाला. त्यानं काच वर केली. पत्रा शाबूत होता. सांध्यावर गव्हाच्या दाण्यांसारखे थेंब एकाला एक लागून बसले होते.

दाराबाहेरून श्रुतिका विचारत होती की काय झालं, कोणी बोलत का नाही.  मग घनश्याम म्हणाला, "तुह्या मायले आयटीआयत घालाले पाह्यजे होतं."

रविवारी सकाळी ऑटोत मशीन, गॅसचं सिलिंडर, घनश्याम आणि दुर्गाबाई असे निघाले. गटाचा ठराव होता की मशीन गावाबाहेर जाईल तर एक सभासद सोबत पाहिजे. श्रुतिकाला खड्ड्यांच्या रस्त्यानं न्यायचं नव्हतं. म्हणून तिनं बटनांभोवती आपल्या टिकल्या चिकटवून दिल्या होत्या. रॉडनं करायचं तेव्हा काटा लाल टिकलीवर, तारेनं करायचं तेव्हा हिरव्या टिकलीवर.

मिलमध्ये हमाल वाटच बघत होते. टिकल्या लावलेली मशीन उतरली तसा दादाजीनं रामराम घातला आणि विचारलं की वरात कोणत्या गावची. दुर्गाबाई म्हणाली, "तुमच्याच दारी आली, भाऊ. उतरवून घ्या."

आधी टाकीच्या पायाचा एक लोखंडी आधार तडकला होता, तो लाल टिकलीवर झाला. उभा सांधा, सरळ ओढलेली ओळ, अर्ध्या तासात. मग घनश्यामनं वाटीएवढ्या भोकाला बसेल असं गोल थिगळ कापलं, कडा घासून घासून चकचकीत केल्या, आणि पोत्यावर उताणा पडून टाकीखाली सरकला. दुर्गाबाई पदर खोचून त्याच्या डोक्याशी बसली.

पहिले चार थेंब बसले आणि पाचव्याला रस फसफसला. मुरमुऱ्यासारखा काळा, भोकाभोकांचा फुगा आला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. वरून हमालांची खुसपुस ऐकू यायला लागली.  घनश्यामला मंगळवारच आठवला. तो तसाच पडून राहिला, आणि पडल्या पडल्या त्याला जाणवलं की आपल्या गालाला गार लागतंय. मिलच्या मोठ्या दारातून वारा येत होता, सरळ टाकीखाली. वारा सुईभोवतीचा गॅसच उडवून नेत होता.

तो बाहेर सरकला. "सेठ, हवा बंद करा लागन."

"हवा कैसे बंद करूँ? दरवाज़ा तो ट्रैक्टर से अड़ा है."

"बारदाना धरू द्या मंग. दोघं इकून, दोघं तिकून."

असे चार हमाल, त्यांत दादाजी, गोणपाटाच्या बारदान्याचे पडदे दोन्ही हातांनी उंच धरून टाकीभोवती उभे राहिले. हात खाली केला की वारा आत यायचा आणि टाकीखालून घनश्यामचा आवाज यायचा. पोती वाहणाऱ्याला उभं राहून कापड धरणं फार जड जातं. थोड्याच वेळात दादाजीचे दंड थरथरायला लागले. आणि आतून बाईमाणसाचा शांत आवाज येत होता, "आऽ कर... गिळ. आऽ कर... गिळ."

"मावशी, कोनाले पाजून राह्यल्या?" दादाजीनं विचारलं.

"टाकीले. हात वर कर."

थिगळ झालं, मग उकललेला सांधा. दोन तास लागले. मध्येच दुर्गाबाईचा फोन वाजला. श्रुतिका विचारत होती की बाबा जेवले का. दुर्गाबाईनं सांगितलं की नाही, आणि पुन्हा सुरू केलं.

टाकीत पाणी सोडलं. मिलमध्ये गळती बघायची एक रीत होती. सांध्यावर कोंड्याची बारीक, कोरडी भुकटी चोळायची. पाणी झिरपलं की भुकटी काळी पडते. सेठ स्वतः खाली वाकला, घनश्याम गुडघ्यांवर बसला. पाणी अर्ध्यावर आलं, भुकटी पिवळीच. पाऊण टाकी झाली, पिवळीच. काठोकाठ भरली तेव्हा सांध्याच्या एका टोकाला मोहरीएवढा काळा ठिपका उमटला.

  घनश्यामनं ठिपक्यावर बोट ठेवलं आणि बायकोकडे पाहिलं.

"फोन," तो म्हणाला.

दुर्गाबाईनं पदर तोंडाला लावला. "तेवढा एक डोज सुटला जी."

पाणी काढायला पाऊण तास गेला. हमालांनी कुरकुर न करता पुन्हा बारदाना धरला. घनश्याम टाकीखाली गेला, आणि या वेळी दुर्गाबाईनं फोन बंद करून कमरेला खोचला. सहा थेंब. पुन्हा पाणी, पुन्हा भुकटी. सेठनं घड्याळ लावून वाट पाहिली. मग सांध्यावरून पूर्ण तळहात फिरवला आणि तो उजेडात धरला. तळहात पिवळ्या भुकटीनं माखला होता, कोरडा ठणठणीत.

"गोंदियावाले को मना कर देता हूँ," सेठ म्हणाला. "साल भर का काम तुम्हारा, मिस्त्री. पक्का."

घनश्याम पोत्यावरून उठला. पाठ धरली होती, ती सरळ करायला त्याला वेळ लागला. आठवडाभर हेच ऐकायची त्यानं वाट पाहिली होती. पण आता ऐकल्यावर त्याच्या लक्षात आलं की याचं उत्तर आपल्यापाशी नाही.

"माह्यापाशी तं फाटकं जोडायची जुनी मशीन हाय, सेठ. ही गटाची. मालकिणीले विचारा."

सेठ दुर्गाबाईकडे वळला. तिनं हात धुतले, पदरानं पुसले, सावकाश.

"बुधवारी बैठक हाय," ती म्हणाली. "अर्ज देजा. पुष्पलताबाई अध्यक्ष हाय, तिच्या नावानं."

"अर्ज? मैं?"

"हौ जी. मराठीत जमत नसन तं हिंदीत चालते."

सेठ मोठ्यानं हसला आणि मुनीमाला कागद आणायला सांगितलं. बसल्या बसल्या पोत्यावर कागद ठेवून त्यानं अर्ज लिहिला. तो चार घड्या करून दुर्गाबाईनं झंपरात ठेवला.

परतताना ऑटोत सिलिंडर मधोमध होतं, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो. दोन्हीकडच्या शेतांच्या बांध्यांत कापलेल्या धानाचे भारे पडले होते. घनश्यामनं विचारलं, "मले बी अर्ज द्या लागन का?"

"तुम्हाले हजेरी लागन. सकाळी नऊले. मशीन आत हाय तं शेडची चाबी आता गटापाशी राहीन."

सोमवारी सव्वाआठलाच घनश्याम आंघोळ करून, केस विंचरून आपल्याच शेडच्या बंद दारापुढं उभा होता. रस्त्यानं कापणीला जाणाऱ्या बाया विचारत होत्या की मिस्त्री, बाहेर काहून उभे. तो सांगत होता, मालकीण अजून आली नाही.